वर्गणी घ्या, मासिक पाठवू नका



शाबानचा महिना लागला की मी पावतीपुस्तक पिशवीत टाकून घराबाहेर पडते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली आपल्या मासिकाची वर्गणी गोळा करण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा "बाईंना आता वेळच वेळ आहे" असे चार जणांनी परस्पर ठरवले आणि पुस्तक माझ्या हातात दिले. रमजानमध्ये लोकांचा हात सैल असतो हे खरे, पण रोजाच्या दिवसांत दारात आलेल्या माणसाशी बोलायला कोणाला त्राण नसते. म्हणून मी आधीच फिरून घेते. कधी एसटीने, कधी पायी, आणि ओळखीचा कोणी भेटला तर त्याच्या टेम्पोत टोमॅटोच्या क्रेटशेजारी बसून.

या वर्षी पहिला थांबा नारायणगाव. तिथल्या एका किराणा दुकानदाराने मला स्टूल दिले, चहा सांगितला, गल्ल्यातून पैसे काढले आणि म्हणाला, "बाई, वर्गणी घ्या. पाहिजे तर दोन वर्षांची घ्या. पण तेवढं मासिक पाठवू नका."

मला वाटले थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. "रद्दीत घालता येत नाही ना," तो म्हणाला. "आत आयत असते, हदीस असते. अल्लाहचं नाव असलेल्या कागदात मी मिरची बांधून देऊ का? माळ्यावर दोन गोण्या भरल्यात. बायको म्हणते, एक तर गोण्या राहतील नाही तर मी."

"पण वाचता का?"

"बाई, दुकान रात्री दहाला बंद होतं."

पावती फाडली आणि निघाले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या यादीत दोन्ही तालुके मिळून बरीच नावे आहेत आणि दर वर्षी त्यांतली बहुतेक जण विनातक्रार पैसे देतात. वर्गणी वेळेवर येते म्हणजे लोक वाचतात, असा हिशेब मी आजवर मनाशी मांडला होता. तो कधी तपासला नव्हता. तेव्हा या फेरीत ठरवले की पावती फाडण्याआधी प्रत्येक घरी एक विनंती करायची. मागचा अंक जरा दाखवता का?

सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. पहिल्या सात घरांपैकी पाच घरांत अंक प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट मिळाला. एका घरी वेष्टण फाडलेले होते, पण ते नातवाने फाडले होते, त्याला चित्रे हवी होती. एका घरी अंक शोकेसमध्ये, चिनीमातीच्या कपबशांच्या मागे, नीट उभा केलेला. कुठेही अनादर नव्हता, हे मुद्दाम सांगते. उलट आदर इतका की हात लावायची भीती. एका आजीने तर सगळे अंक हिरव्या कापडात बांधून उंच फळीवर ठेवले होते आणि वुजू केल्याशिवाय ती बोचकी खाली काढायची नाही, असे सुनांना बजावले होते. त्या अंकात भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करावे हेही छापलेले असते, याची त्या माउलीला कल्पना नव्हती.

ही अडचण आपल्याकडची खास आहे. शेजारच्या घरातले मासिक वाचून झाले की रद्दीवाल्याच्या तराजूत जाते, भेळेच्या कागदात जाते, कपाटाच्या तळाशी अंथरले जाते. आपल्या घरी आलेला अंक कुठेच जात नाही. काही मशिदींत अशा कागदांसाठी पेटी ठेवलेली असते. काही जण कागद कब्रस्तानात पुरतात, काही वाहत्या पाण्यात सोडतात. बाकीचे सगळे माळ्यावर. न वाचलेला अंक आणि वाचलेला अंक, दोघांची गत एकच. संपादकांना मी एक सुचवले आहे. अरबी मजकूर आणि तर्जुमा एकाच पानावर, सुटे काढता येईल असा छापावा. ते पान घरात राहील, उरलेला अंक हातोहात फिरेल. "विचार करू" असे उत्तर आले आहे. संपादकांच्या "विचार करू"चा अर्थ मला आता कळतो.

जुन्नरात हे सगळे बघताना मला दुसरेच काही आठवत होते. हे गाव एके काळी कागदाचे गाव होते. जुन्नरी कागद म्हणून त्याची ओळख होती, पेशव्यांच्या दप्तरांत तो वापरला गेला, आणि तो करणारे हात आपल्या लोकांचे, कागदी मुसलमानांचे. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा हा त्याच जमातीच्या नावाचा. जुने गोणपाट, दोरखंड, टाकाऊ कागद चुन्यात भिजवायचे, कुटून लगदा करायचा, हौदात कालवून चौकटीवर ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. एका तावामागे इतक्या जणांची पाठ मोडायची. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. आज कागदी हे आडनाव राहिले आहे. ज्या गावात गोणपाटाचा कागद व्हायचा त्या गावात आता कागदाच्या गोण्या माळ्यावर चढतात. असो. मला विषयावर यायला हवे.

मंचरला एक गृहस्थ आहेत, कांदा-बटाट्याच्या व्यापारात. ते आपले मासिक घेतात, शिवाय दिल्लीहून येणारे एक उर्दू मासिक घेतात. आपले त्यांनी वाचलेले होते, म्हणजे निदान मधली दोन पाने. उर्दूचे विचारले तर गप्प झाले. मग म्हणाले, "बाई, मला उर्दू वाचता येत नाही. मी मराठी शाळेत शिकलो. अब्बा वाचायचे. त्यांच्या नावानं येतं." अब्बांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. दर वर्षी मनीऑर्डर, आता ऑनलाइन, पण पैसे जातात. वेष्टणावर अजून अब्बांचे नाव छापून येते. "ते नाव असलेलं दुसरं काहीच आता येत नाही," ते म्हणाले. अंक आला की ते वेष्टण कात्रीने सरळ कापतात, तारीख बघतात, उजवीकडून डावीकडे पाने चाळतात आणि अब्बांच्या पेटीत ठेवतात. त्यांची मुले इंग्रजी शाळेत जातात, पण मोठी मुलगी मशिदीतल्या मकतबात अरबी अक्षरे शिकली आहे. मी म्हटले, तिला अर्धी उर्दू तर आलीच, पुढची महिन्याभरात येईल, तिला पेटी उघडून द्या. त्यांनी मान हलवली. उघडतील का, ठाऊक नाही. त्यांच्याकडून वर्गणी घेताना मात्र मला काही वाटले नाही. वाचण्यासाठी नसेल, पण ती कशासाठी आहे हे त्यांना पक्के माहीत होते.

एका गावच्या वाचनालयातही डोकावले. टेबलावर नियतकालिके अगदी ओळीने मांडलेली, शेतीची, स्पर्धा परीक्षेची, दोन-तीन साहित्याची. परीक्षेची तेवढी मळलेली होती. ग्रंथपाल मोकळा माणूस. म्हणाला, वाचनालयाचा वर्ग ठरताना पुस्तके किती, सभासद किती याबरोबर वर्तमानपत्रे आणि नियतकालिके किती येतात हेही बघतात, त्यावर अनुदान. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली हे चालते. किती येतात ते नोंदवहीत असते. किती वाचली जातात, त्याचा रकाना नसतो.

मोबाइलचे मी बोलणार नाही. "बाई, पीडीएफ टाका ना ग्रुपवर" असे म्हणणारे नऊ जण भेटले. टाकली तर अंगठा येतो, अंगठ्याचा अर्थ "मिळाली" एवढाच.

आता घोडेगावकडे येते. आंबेगाव तालुक्याचे गंमतशीर आहे. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले, कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला. पत्ते लिहिणाऱ्याची तर परीक्षाच. मंचरचा पिन ४१०५०३ आणि त्याच तालुक्यातल्या घोडेगावचा ४१२४०८. एक आकडा चुकला की अंक भलतीकडे. नोंदणी झालेल्या नियतकालिकाला टपाल खाते स्वस्तात पोचवते, पण त्यासाठी ठरलेल्या तारखेलाच गठ्ठा पोस्टात पडावा लागतो, त्यामुळे पत्त्यांची यादी मी दर महिन्याला वेळेत दुरुस्त करून पाठवते. कोण गाव सोडून गेले, कोणाचे घर बदलले, कोण अल्लाहला प्यारे झाले. या कामात मी पक्की आहे, असा माझा अभिमान होता.

घोडेगावच्या अलीकडे एका गावात आपले एक जुने वर्गणीदार होते. वय झालेले, जमातीत मान असलेले. मी गेले की पावती होईपर्यंत ते मला त्यांच्या गुडघ्यांची हकिकत सांगत. सफर महिन्यात त्यांचा इंतकाल झाला. मला जुन्नरात निरोप मिळाला, मी दुआ केली, आणि महिनाअखेरीस यादी काढून त्यांच्या नावावर लाल रेघ ओढली. समोर लिहिले, मरहूम. अंक बंद.

या फेरीत त्यांच्या घरी गेले ती वर्गणीसाठी नव्हे. इद्दत संपली होती, बेगमसाहेबांना भेटून यावे एवढाच हेतू. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. सलाम झाला, दुखवट्याचे चार शब्द झाले, आणि त्यांनी मला एकदम विचारले, "आपा, तुमने किताब काइकू बंद किये?"

मला आधी कळलेच नाही. किताब म्हणजे आपले मासिक. मी म्हटले, "साहेब गेले, म्हणून नाव काढलं."

"वो कहां पढते थे?" त्या म्हणाल्या. "पढती तो ये थी."

ये म्हणजे त्यांची सून. दारात उभी होती, पदराला हात पुसत. मी त्या घरात इतकी वर्षे जात होते आणि तिने दर वेळी मला चहा दिला होता. तिचे शिक्षण बारावीपर्यंत, मराठीतून, हे मला त्या दिवशी कळले. सासऱ्यांच्या नावाने अंक यायचा, ते पोस्टमनकडून घ्यायचे आणि वेष्टणासकट सुनेच्या हातात द्यायचे. दुपारी भांडी आवरली की ती सासूला वाचून दाखवायची. सासूला अक्षरओळख नाही. लसूण सोलताना, तांदूळ निवडताना, पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. मग शेजारच्या दोघी येऊन बसायला लागल्या. एका अंकात मेहरवर लेख आला होता, मेहर ठरवतात ती देण्यासाठी, नुसती निकाहनाम्यात लिहून ठेवण्यासाठी नव्हे, असा. तो त्यांनी तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी शेजारणीने आपला निकाहनामा पेटीतून काढून आणला आणि त्यावर काय लिहिले आहे ते पहिल्यांदा ऐकले.

"अंक आहेत का जुने?" मी विचारले.

तिने गव्हाच्या कोठीमागून पेटी ओढली. वाचलेला अंक कसा दिसतो, ते मी या फेरीत तिथे पहिल्यांदा पाहिले. कोपरे दुमडलेले, पाठ सुटून दोऱ्याने शिवलेली, पाककृतीच्या पानावर हळदीची बोटे. आयतीचे पान मात्र प्रत्येक अंकातून काळजीने कापून वेगळ्या कापडी पिशवीत ठेवलेले. म्हणजे संपादकांनी जो विचार अजून करायचा आहे, तो तिने कधीच करून टाकला होता.

मी लाल रेघ ओढली ती नेमकी इद्दतीच्या तोंडावर. चार महिने दहा दिवस ती बाई घरात बसून होती आणि मी तिची दुपार बंद करून टाकली होती. नेमक्या हिशेबात.

"मग मला कळवलं का नाही?"

सून म्हणाली, "मला वाटलं, ज्यांच्या नावानं येतं ते गेले, की नियमानं बंद होत असेल."

मी पावतीपुस्तक काढले. "आता तुझं नाव सांग, त्याच नावानं सुरू करू."

ती मागे सरकली. "माझं नको, बाई. यांचं टाका. नाही तर मुलाचं." मुलगा दुसरीत आहे. का नको, तर पोस्टमन दारात नाव घेऊन हाक मारेल, चार लोक ऐकतील, हिला कोण काय पाठवतं म्हणतील. तिच्या नावाने आजवर आलेले टपाल एकच, आधार कार्ड.

मला राग आला नाही, कारण ही गोष्ट तिच्यापासून सुरू झालेली नाही. लाहोरहून १८९८ साली 'तहजीब-ए-निस्वाँ' हे बायकांसाठीचे उर्दू साप्ताहिक निघाले. संपादक मुहम्मदी बेगम, पाठीशी त्यांचे पती सय्यद मुमताज अली. सुरुवातीला त्यांनी भल्याभल्या घरांच्या पत्त्यांवर अंक फुकट पाठवले. त्यातले कित्येक परत आले, वर शिव्या लिहून. घरातल्या बाईपर्यंत ते पोचलेच नाहीत. त्या काळातल्या लिहिणाऱ्या बायकासुद्धा नाव झाकून लिहायच्या. पुढे नजर सज्जाद हैदर म्हणून गाजलेल्या लेखिका लग्नाआधी 'बिन्त-ए-नजरुल बाकर' अशी सही करत, म्हणजे नजरुल बाकर यांची मुलगी. मुलगी कोणाची ते कळायचे, ती कोण ते नाही. कुर्रतुलऐन हैदर या त्यांच्याच कन्या. माझ्या यादीत आजही बहुतेक नावे पुरुषांची आहेत, आणि त्या प्रत्येक नावामागे खरे वाचणारे कोणी आहे की नुसता माळा आहे, हे मला इतकी वर्षे माहीत नव्हते.

हे सगळे मी तिला सांगितले असते, पण तिच्या सासूने काम आधीच उरकले. लसणाची साले झटकत म्हणाल्या, "डालो इसका नाम. पोस्टवाला पुकारता तो पुकारने दो. बहरी तो नहीं है ये."

पावतीवर नाव घातले. पैसे सासूने आपल्या बटव्यातून दिले.

मी उठणार तोच सुनेने विचारले, "बाई, त्या गोष्टीत पुढं काय झालं?"

"कुठल्या?"

"क्रमशः यायची ती. ती मुलगी भावाकडं निघून येते, मग नवरा न्यायला येतो, तिथं थांबली होती. ती परत गेली का?"

सासूने सोलणे थांबवले होते. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मला माहीत नव्हते. आपल्या मासिकातली ती कथा, मी या मासिकात लिहिते, घरोघर फिरून त्याची वर्गणी मागते, आणि ती कथा मी वाचलेली नव्हती. अंक आला की मी माझा लेख बघते, छपाईच्या चुका बघते, पत्रव्यवहारात कोणी आपले नाव घेतले आहे का ते बघते, आणि अंक कपाटावर ठेवते. दोन महिन्यांचे तर वेष्टणही काढले नव्हते. नारायणगावच्या दुकानदाराला मी मनात काय काय म्हटले होते, ते सगळे मला त्या ओट्यावर आठवले.

"बघून सांगते," मी म्हटले. शाळेत आम्ही मुलांना या उत्तरावर बाकावर उभे करायचो.

घरी येऊन स्टूल लावले, कपाटावरून सहा अंक काढले, धूळ झटकली. इशाची नमाज झाल्यावर बसले ती बारा वाजले. कथा चांगली आहे, मधला एक भाग उगाच लांबला आहे. सहा भाग झाले तरी संपलेली नाही. नवरा येतो, अंगणात बसतो, आणि ती लगेच काही बोलत नाही. पुढचे सांगत नाही, कारण तुमच्यापैकी अनेकांचे अंक अजून वेष्टणात असतील.

आठवड्याने पुन्हा घोडेगावची एसटी धरली. सहाही अंक पिशवीत होते. तिने ते घेतले, महिन्यांप्रमाणे लावले आणि पहिला उघडला. सासूने लसणाची परडी जवळ ओढली. मी उगाच अधीर झाले होते, म्हटले, "शेवटी काय होतं माहितेय का, तो येतो आणि..."

"सांगू नका, बाई," ती म्हणाली. "मी वाचते."